नववा शेवरॉन

(आधीच सांगून ठेवतो : खाली 'स्टारगेट युनिव्हर्स'चे भरपूर स्पॉइलर्स आहेत. मालिका पाहायची राहिली असेल आणि खरंच पाहणार असाल तर इथेच थांबा. 'पाहीन कधीतरी' असं गेली दहा वर्षं म्हणत असाल तर वाचा बिनधास्त, तुम्ही काही पाहत नाही आता.)

शनिवारची सकाळ. पोहे झाले, दुसरा चहा झाला, वॉशिंग मशीन लावून झालं. सोमवारी मॅनेजरला एका गोष्टीचं उत्तर द्यायचंय, त्यावर विचार करायला म्हणून बसलो आणि डोक्यात वीस मिनिटं चाललंय काय, तर डॉ. निकोलस रशनं पृथ्वीचा पत्ता डायल करायला हवा होता की नाही. असो. तेच लिहून काढतो. एकदा लिहिलं की डोक्यातून जातं असा अनुभव आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९४ साली 'स्टारगेट' नावाचा सिनेमा आला. एक मोठं दगडी-धातूचं कडं, त्यावर चिन्हं. योग्य चिन्हं योग्य क्रमानं लावली की कड्यातून थेट दुसऱ्या ग्रहावर पाऊल. त्यावरून १९९७ मध्ये 'स्टारगेट एसजी-१' ही मालिका सुरू झाली आणि दहा सीझन, २१४ भाग चालली. २००४ मध्ये तिचं पहिलं पिल्लू 'स्टारगेट अ‍ॅटलांटिस', पाच सीझन, १०० भाग. आणि २ ऑक्टोबर २००९ ला दुसरं पिल्लू 'स्टारगेट युनिव्हर्स'. दोन सीझन, ४० भाग, मे २०११ मध्ये खेळ खल्लास.

कड्यावर नऊ कुलपं असतात, त्यांना शेवरॉन म्हणतात. सात लावली की आपल्याच आकाशगंगेतला ग्रह. आठ लावली की दुसरी आकाशगंगा. आपल्याला साधं उदाहरण म्हणजे लोकल कॉल आणि एसटीडी. नववा शेवरॉन कशासाठी हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. 'युनिव्हर्स'ची गोष्ट त्या नवव्याची.

आमच्या घरी हे सगळं दादानं आणलं. मे २००९. मी सहावीची परीक्षा देऊन मोकळा, तो इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष संपवून हॉस्टेलवरून सांगलीला आलेला. बॅगेत धुवायचे कपडे आणि ३२० जीबीची हार्ड डिस्क. त्यात काय काय होतं आणि ते कुठून आलं हे विचारू नका. बाहेर रणरणतं ऊन, खोलीत कुलरचा घरघराट, आणि डेस्कटॉपसमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. रोज चार भाग. मला इंग्रजी निम्मं कळायचं नाही, दादा पॉज करून सांगायचा. आबा (माझे आजोबा) मागे पलंगावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत मधूनच विचारायचे, "आज कुठल्या देवाला मारलं रे?" कारण एसजी-१ मधले खलनायक इजिप्तचे देव म्हणून मिरवत असतात. आबांना ती कल्पना भलतीच आवडली होती.

एसजी-१ का आवडायची? चार माणसं होती. कर्नल ओनील, कार्टर, डॅनियल जॅक्सन आणि टीअल्क. दर भागात ते कड्यातून जायचे, अडकायचे, ओनील वाईट विनोद मारायचा, टीअल्क एक भुवई उचलायचा, कार्टर काहीतरी भन्नाट युक्ती काढायची आणि सगळे परत यायचे. परत यायचे हे महत्त्वाचं! कितीही लांब गेले तरी भाग संपताना डोंगराखालच्या त्या तळावर चौघंही हजर. बारा वर्षांच्या मुलाला आणखी काय पाहिजे?

मग २०१० च्या दिवाळीत दादानं 'युनिव्हर्स'चा पहिला सीझन आणला. फराळाचं ताट मांडीवर घेऊन मी आधीच बसलेलो. आणि सुरू झालं काय, तर एका अंधाऱ्या जहाजात, कड्यातून माणसं अक्षरशः फेकल्यासारखी येऊन आदळतायत. रक्त, रडारड, आरडाओरडा. कॅमेरा हातात धरून कोणीतरी पळतंय असं वाटावं इतका हलतोय. एका तळावर हल्ला झाला, पळून जायला रस्ता नाही, म्हणून डॉ. रश नावाच्या शास्त्रज्ञानं पृथ्वीऐवजी नऊ शेवरॉनचा पत्ता लावला आणि ऐंशीएक माणसं पृथ्वीपासून अब्जावधी प्रकाशवर्षं दूर, 'डेस्टिनी' नावाच्या लाखो वर्षं जुन्या, निर्मनुष्य जहाजावर पोचली. परतीचा रस्ता नाही. भागांची नावं पाहा : हवा, अंधार, प्रकाश, पाणी, पृथ्वी. पंचमहाभूतंच जणू! पहिले तीन भाग तर जहाजातली हवा शुद्ध कशी करायची यातच जातात.

पाच भागांनंतर आम्ही बंद केली. "बेक्कार आहे," मी म्हणालो. "रडकी आहेत सगळी," दादा म्हणाला. संपला विषय.

पुढे कळलं की जगभरच्या चाहत्यांत या मालिकेवरून उभी फूट पडलेली आहे. एक गट म्हणतो, हिनं स्टारगेट बुडवलं. दुसरा म्हणतो, तिन्हीतली ही एकच मोठ्या माणसांसाठी लिहिलेली होती. दोन्ही गटांनी पाहिले तेच ४० भाग. मग भांडण कशाचं?

मी आपला इंजिनिअर माणूस, मला कारणांची यादी केल्याशिवाय चैन पडत नाही. तर मला सापडलेली कारणं अशी.

पहिलं, वेळ. 'अ‍ॅटलांटिस' बंद होणार ही बातमी ऑगस्ट २००८ मधली आणि 'युनिव्हर्स' येणार ही बातमीही त्याच महिन्यातली. म्हणजे आवडतं हॉटेल बंद झालं आणि त्याच जागी दुसऱ्या दिवशी नवी पाटी लागली. नव्या हॉटेलची मिसळ कितीही चांगली असली तरी पहिला घास घेताना कपाळावर आठी असणारच.

दुसरं, नावाचा करार. आमच्या धंद्यात म्हणतात की आतलं कोड हवं तेवढं बदला, पण इंटरफेस तोच ठेवा, कारण त्याच्या भरवशावर लोकांनी आपली घरं बांधलेली असतात. स्टारगेट या नावाचा इंटरफेस म्हणजे ओळखीचं कुटुंब, विनोद, दर भागात सुटणारं कोडं आणि परतीची हमी. 'युनिव्हर्स'नं नाव आणि कडं ठेवलं आणि बाकीचं सगळं काढून टाकलं. त्यात 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ची नवी मालिका त्याच वर्षी, २००९ मध्ये, संपली होती. त्यामुळे तो अंधार, तो हलता कॅमेरा, ती आपापसातली भांडणं पाहून पुष्कळांना वाटलं की शेजाऱ्याचे कपडे घालून आपलाच मुलगा घरी आलाय.

तिसरं, पाहायची पद्धत. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पहिल्या सीझनचा दहावा भाग डिसेंबर २००९ मध्ये लागला आणि अकरावा एप्रिल २०१० मध्ये. जी माणसं आठवड्याला एक भाग पाहत होती त्यांना दोन महिने फक्त हवा-पाणी मिळालं आणि मग चार महिने काहीच नाही. मालिका खरी पकड घेते ती त्यानंतर. दुसऱ्या सीझनला तर शुक्रवारचा मंगळवार झाला. आज तेच दहा भाग दोन रविवारांत संपतात. हळू चाललेली गोष्ट हळू पाहिली तर रटाळ, आणि सलग पाहिली तर मुरलेली. म्हणजे दोन गटांनी तीच मालिका पाहिलीच नव्हती, असंही म्हणता येईल.

चौथं, दोष. ते आहेतच. तरुण लेफ्टनंट आणि सिनेटरची मुलगी यांच्या प्रेमप्रकरणात मला काडीचा रस वाटला नाही. आणि ते दगड! जहाजावर काही खास दगड आहेत. एक हातात घ्यायचा, पृथ्वीवर कोणीतरी दुसरा घेतो आणि तुमचं मन त्याच्या शरीरात जातं. म्हणजे घरी जाता येतं, पण दुसऱ्याच्या अंगात. उसन्या घेतलेल्या शरीरात लोक काय वाट्टेल ते करतात आणि शरीराच्या मालकाला कोणी विचारत नाही. यावर रागावणाऱ्या चाहत्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

आता बाजूनं बोलायचं तर एकच उदाहरण देतो. डेस्टिनी म्हणजे शंभर टक्के लेगसी सिस्टिम आहे. लिहिणारे केव्हाच सोडून गेले, डॉक्युमेंटेशन नाही, बंद करून पुन्हा चालू करता येत नाही, आणि ती स्वतःच्या मनानं चाललेली असते. मधूनच थांबते, एक घड्याळ उलटं मोजायला लागतं, तेवढ्यात जवळच्या ग्रहावरून काय आणायचं ते आणा, नाहीतर ती निघाली. एका भागात ती थेट ताऱ्यात घुसते. सगळे मरणाची तयारी करून बसतात आणि मग कळतं की तिची बॅटरी चार्ज करायची पद्धतच ती आहे! प्रॉडक्शनमध्ये रात्री तीनला कुठलासा जॉब आपोआप सुरू झालेला पाहून ज्याच्या पोटात गोळा आलाय त्याला हा भाग कळेल :)

तर ही झाली यादी. पण यादीनं काय होतं? माझं आणि दादाचं भांडण या चारपैकी कुठल्याच कारणानं झालं नाही.

२०२०. दादा अमेरिकेत, कोलंबसला. मी पहिल्याच नोकरीत, लॉकडाउनमुळे सांगलीला परत, त्याच खोलीत, त्याच टेबलावर लॅपटॉप. एका रात्री दादा फोनवर म्हणाला, "बारक्या, मी युनिव्हर्स परत लावलीय. आपण चुकलो होतो रे. भारी आहे ती." मला खरं वाटेना. मग ठरलं, दर शनिवारी त्याची सकाळ, माझी संध्याकाळ. फोनवर एक-दोन-तीन म्हणून एकदम प्ले करायचं. आबा मागे पलंगावर. आता ऐकू कमी यायचं, सुपारीही बंद झालेली, पण विचारायचे, "परत आले का घरी ते?" मी ओरडून सांगायचो, "नाही आबा, अजून नाही."

ऑगस्टमध्ये आबा गेले. करोना नव्हता, वय होतं. रात्री झोपेत गेले. दादाला येता येत नव्हतं. नेहमीची विमानं मार्चपासून बंद. सरकारी खास विमानानं कसाबसा आला असता, पण व्हिसाचा शिक्का नवा मारून घ्यावा लागणार, वकिलातीतली नेहमीची कामं बंद, आणि जूनमध्येच अमेरिकेनं एच-१बी वाल्यांना वर्षअखेरपर्यंत प्रवेश बंद केलेला. आला असता तर परत जाणं नाही, म्हणजे नोकरी नाही. त्याची बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर.

मोजकी माणसं. मी एका हातात मोबाईल धरून उभा होतो. दादा त्यात. बाबांनी अग्नी दिला तेव्हा तो म्हणाला, "बारक्या, जरा पुढे जा ना." मी पुढे गेलो. "अजून थोडा." मी गेलो. धग लागत होती. मग तो म्हणाला, "माझ्या वतीनं नमस्कार कर." मी एका हातानं मोबाईल धरलेला, दुसरा हात छातीशी नेऊन वाकलो.

त्या मालिकेतल्या दगडांचं मी वर हसं केलंय. त्या दिवशी दगड मी होतो.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा मालिका लावली. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून. दहावा भाग. त्यात जहाजाचा प्रमुख कर्नल यंग आणि डॉ. रश यांचं इतकं फाटतं की यंग रशला एका ग्रहावर एकट्याला टाकून निघून येतो. दादा म्हणाला, "हे चूक आहे. रश नसता तर हे सगळे पहिल्याच दिवशी मेले असते." आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "रशमुळेच तर अडकलेत सगळे! त्याला पृथ्वीचा पत्ता लावता आला असता. नाही लावला. कारण साहेबांना विश्वाचं कोडं सोडवायचंय. मागे घरात कोण आहे, कोण आजारी आहे, कोणाला काय, त्याला काय त्याचं!"

तिकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "तो म्हणतो ना की पृथ्वीचा पत्ता लावला असता तर ग्रहाचा स्फोट तिकडे पोचला असता."

"म्हणतो तो. बहाणा आहे."

"तू रशबद्दल बोलत नाहीयेस," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर तीन महिने आम्ही आईमार्फत बोललो. पुतणी झाल्याचा फोटोही मला आईनं दाखवला.

पुढे सगळं हळूहळू सुरळीत झालं, घरात होतं तसं. २०२२ मध्ये तो सगळ्यांना घेऊन आला, आबांच्या फोटोसमोर बराच वेळ बसला. आम्ही मिसळ खायला गेलो, क्रिकेटवर बोललो, पुतणीला झोका दिला. मालिकेचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. दहाव्या भागाच्या पुढे मी गेलोच नव्हतो.

गेल्या महिन्यात मॅनेजरनं विचारलं, नेदरलँड्सला जाणार का? दोन वर्षं, पुढे वाढू शकतात. काम चांगलं आहे, मला हवं होतं तसंच आहे. मी 'विचार करून सांगतो' म्हणालो, घरी आलो आणि का कोण जाणे, अकरावा भाग लावला. तीन आठवड्यांत उरलेले तीस संपवले.

दादा म्हणत होता ते खरं होतं. ती माणसं बदलतात. कमील रे दुसऱ्याच बाईच्या शरीरात आपल्या जोडीदारणीला भेटायला जाते आणि ती, शॅरन, अनोळखी चेहऱ्याकडे पाहत तिच्याशी ओळखीचं बोलते. २०२० च्या आधी मला हा प्रसंग नाटकी वाटला असता. रश आणि यंग एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकतात, पूर्ण नाही, पण कामापुरता. आणि जहाज कशासाठी निघालंय तेही कळतं : विश्वाच्या जन्मापासून उरलेल्या प्रारणात कोणाला तरी एक रचना दिसली होती, ती कोणी मुद्दाम ठेवलीय का ते शोधायला.

शेवटचा भाग 'गॉन्टलेट'. शत्रूनं वाटा अडवल्यात, म्हणून सगळ्यांनी बंद पेट्यांत झोपून जायचं आणि जहाजानं तीन वर्षांत पुढच्या आकाशगंगेत पोचायचं असं ठरतं. एक पेटी कमी पडते. ईलाय, म्हणजे गेममधलं कोडं सोडवलं म्हणून यात ओढला गेलेला, आईला घरी सोडून आलेला पोरगा, म्हणतो मी जागा राहतो. पेटी दुरुस्त करायला दोन आठवडे. जमलं तर जमलं. सगळे झोपतात, दिवे मालवत जातात. ईलाय काचेपाशी उभा राहून बाहेर बघतो आणि हसतो. बस्स. तिथेच मालिका संपते, कारण बंद करायचा निर्णय डिसेंबर २०१० मध्येच झाला होता. पुढे काय झालं हे कोणीच दाखवलं नाही.

एसजी-१ मध्ये सगळे परत यायचे. 'युनिव्हर्स'मध्ये कोणीच येत नाही. मला वाटतं खरं भांडण इथे आहे. काही माणसं गोष्टीकडे येतात ती घरी पोचायला, आणि काही माणसं येतात ती घरापासून लांब कसं राहायचं ते शिकायला. दोघांनाही एकाच नावाची मालिका दिली तर एकाची फसवणूक होणारच. आणि माणूस आयुष्यभर एकाच गटात राहतो असंही नाही. २०१० मध्ये दादा माझ्या गटात होता. दहा वर्षांनी नव्हता. मधे तो घर सोडून गेला होता, एवढाच फरक.

रात्री दोनला संपली. दादाला फोन लावला. तिकडे दुपार होती.

"संपली," मी म्हणालो.

त्यानं काय संपली ते विचारलं नाही. "कशी वाटली?"

"पहिले दहा भाग अजूनही रटाळ आहेत."

तो हसला. "आणि रश?"

"रशबद्दल माझं मत तेच आहे. त्यानं निदान विचारायला हवं होतं सगळ्यांना."

"हं," दादा म्हणाला. "हवं होतं." मग थोडं थांबून, "मीही विचारलं नव्हतं तुम्हाला. नुसतं सांगितलं होतं."

मी त्याला नेदरलँड्सचं सांगितलं. जा म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. फक्त म्हणाला, "आईबाबांना आधी विचार. सांगू नको, विचार."

म्हणून आज दुपारच्या गाडीनं सांगलीला चाललोय. कपडे वाळत घालायचे राहिलेत, ते घालतो आणि निघतो.